पवनमुक्तासनाने वारा किती सरतो?

आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी आयुष मंत्रालयाने ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमात उताणं झोपून करायची आसनं मोजकीच आहेत: सेतुबंधासन, उत्तानपादासन, अर्धहलासन, पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन. २०१५पासून दर २१ जूनच्या सकाळी मैदानांत, शाळांच्या पटांगणांत आणि सभागृहांत माणसं गुडघे छातीशी घेऊन एकाच वेळी पडलेली दिसतात, ती या चौथ्या आसनात. बद्धकोष्ठता, गॅस आणि पोटफुगीवर हे उपयोगी, असं त्या अभ्यासक्रमातच म्हटलेलं आहे. घरात ज्या गोष्टीविषयी कुणी मोकळेपणाने बोलत नाही, तिला उघड्या मैदानात जागा मिळाली हे चांगलंच झालं. पण हे आसन नक्की काय करतं, किती करतं आणि कुणाला करतं, याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या चार ओळींत मावणारं नाही. त्यासाठी थोडं पोटात, थोडं जुन्या ग्रंथांत आणि थोडं बार्सिलोनाच्या एका रुग्णालयात डोकावावं लागतं.

करायची रीत सोपी आहे. उताणं झोपायचं. उजवा गुडघा वाकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायचा, श्वास सोडताना मांडी पोटावर हलकेच दाबायची, थोडं थांबून पाय सरळ करायचा. मग डावा पाय, मग दोन्ही पाय एकत्र. काही शिक्षक डोकं उचलून हनुवटी गुडघ्याला लावायला सांगतात, काही मान जमिनीवरच ठेवू देतात. मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी दुसऱ्या प्रकाराने केलं तरी पोटाला मिळायचं ते मिळतंच, कारण या आसनाचं काम मांडी आणि पोट यांच्यात चालतं.

पोटात वारा येतो तो दोन वाटांनी. जेवताना, बोलताना, चहा फुंकून पिताना हवा गिळली जाते. तिचा बराचसा भाग ढेकरांवाटे परत जातो. दुसरी वाट मोठ्या आतड्यात आहे. लहान आतड्यात न पचलेलं जे काही तिथे पोहोचतं, त्यावर जिवाणू ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काहींच्या पोटात मिथेन तयार करतात. हे वायू बिनवासाचे असतात. वास येतो तो गंधकयुक्त वायूंचा आणि त्यांचं प्रमाण एकूण वाऱ्याच्या एक टक्क्याच्याही आत असतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी १९९१मध्ये दहा निरोगी माणसांच्या रोजच्या आहारात २०० ग्रॅम शिजवलेल्या घेवड्याच्या बियांची भर घालून चोवीस तासांतला वारा मोजला. तो माणसागणिक साधारण ४७६ मिलिलिटरपासून १,४९१ मिलिलिटरपर्यंत भरला. म्हणजे दिवसाला अर्धा ते दीड लिटर वारा हा निरोगी शरीराचा हिशेब आहे. दिवसातून दहा-पंधरा वेळा वारा सरला म्हणून कुणी स्वतःला आजारी समजायचं कारण नाही.

महाराष्ट्राच्या ताटात या कारखान्याला माल भरपूर. वाल, पावटे, हरभरा, चवळी, मटकी, वाटाणे यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही, म्हणून त्या अख्ख्याच्या अख्ख्या जिवाणूंच्या पुढ्यात जाऊन पडतात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देण्याची आणि मोड आणून उसळ करण्याची रीत इथे कामाला येते. भिजवल्याने या साखरांचा काही भाग पाण्यात उतरतो आणि मोड येताना बी स्वतःच त्या वापरून टाकतं. अमेरिकेत झालेल्या काही आहार-चाचण्यांत रोज अर्धा कप कडधान्य खाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनीच पहिल्या आठवड्यात वारा वाढल्याचं सांगितलं. चवळी खाणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं आणि आठवडे जातील तशी तक्रार सगळीकडेच घटत गेली. वातूळ म्हणून कडधान्यं ताटातून हद्दपार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. थोड्या प्रमाणात सुरुवात करून रोज खाल्ली, तर पोटाला सवय होते.

आता आसनाकडे. पवनमुक्तासन हजारो वर्षांपासून चालत आलं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत. त्यांत ते नाही. त्यानंतरच्या घेरंडसंहितेतल्या बत्तीस आसनांतही नाही. पोटाचा विचार मात्र या ग्रंथांत ठासून भरलेला आहे. हठप्रदीपिकेत मत्स्येंद्रासन जठराग्नी प्रदीप्त करणारं म्हटलं आहे, आणि मयूरासनाची थोरवी तर इतकी, की त्याने कालकूट विषसुद्धा पचतं. घेरंडसंहितेत वातसार धौती आहे, ज्यात तोंडाने हवा पिऊन पोटात फिरवून बाहेर काढायची. अग्निसार आहे, ज्यात नाभी पाठीच्या कण्याकडे पुन्हा पुन्हा ओढायची. हे सारे कसरतीचे प्रकार. आज ज्याला पवनमुक्तासन म्हणून घराघरांत ओळखतात त्या सोप्या आसनाला लोकप्रियता मिळाली ती विसाव्या शतकात, योग गुहेतून आणि आखाड्यातून बाहेर पडून नोकरदार माणसाच्या सतरंजीवर आला तेव्हा.

या प्रवासात बिहारमधल्या मुंगेरचा वाटा मोठा. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी तिथे १९६०च्या दशकात बिहार योग विद्यालय सुरू केलं आणि १९६९मध्ये आलेल्या आपल्या 'आसन प्राणायाम मुद्रा बंध' या पुस्तकात पवनमुक्तासनाची एक अख्खी मालिकाच मांडली. पहिला भाग सांध्यांचा, दुसरा पोटाचा, तिसरा शक्तिबंधांचा. पोटाच्या भागात पाय उचलणं, हवेत सायकल चालवल्यासारखे पाय फिरवणं, गुडघे छातीशी घेऊन मागे-पुढे झुलणं, आडवं पडून कमरेला पीळ देणं आणि नौकासन असे प्रकार येतात. गुडघा पोटाशी धरणं हा त्यातला एक. म्हणजे मुंगेरच्या पद्धतीत पवनमुक्तासन एकटं येत नाही, हलत्या पायांच्या एका रांगेत येतं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पोटावर योगाचा परिणाम मोजून पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र आपल्याकडचा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौलीचे प्रयोग केले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाखवलं. म्हणूनच नौली करत पाण्यात बसलेला योगी कुठल्याही यंत्राविना आतड्यात पाणी ओढून घेऊ शकतो. आपल्या गुरूंच्या नावावरून कुवलयानंदांनी या निर्वाताला 'माधवदास निर्वात' म्हटलं. १९२४मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून असे प्रयोग छापायला सुरुवात केली. आसनाचं माहात्म्य सांगण्याआधी ते क्ष-किरणांच्या टेबलावर ठेवून पाहायचं, ही लोणावळ्याची शिस्त आजच्या कित्येक योगवर्गांत दिसत नाही, याची खंत वाटते.

गुडघा पोटाशी घेतल्यावर आत काय घडतं? पहिली गोष्ट दाबाची. श्वास सोडताना मांडी पोटाच्या भिंतीवर टेकते, पोटातला दाब थोडा वाढतो, आणि पाय सोडल्यावर उतरतो. हा चढ-उतार पुन्हा पुन्हा झाला की आतड्यातला वारा एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे सरकायला मदत होते. दुसरी गोष्ट ओटीपोटाच्या तळाशी घडते. गुदाशय आणि गुदद्वार यांच्यामध्ये एक कोन असतो आणि एक स्नायू तो कोन दोरीच्या फासासारखा ओढून धरतो. उकिडवं बसलं की हा कोन सरळ होतो. जपानमधल्या एका अभ्यासात क्ष-किरणांखाली तो खुर्चीवर बसल्यापेक्षा उकिडवं बसल्यावर लक्षणीय मोठा झालेला दिसला. दोन्ही गुडघे छातीशी धरलेला माणूस म्हणजे उकिडवा बसलेला माणूसच, फक्त पाठीवर पडलेला. त्यामुळे वारा पुढे सरकलेला असेल तर त्याला बाहेरची वाट सोपी होते. देशी शौचालयाच्या जागी कमोड आलेल्या शहरी घरांत हे आसन अधिक का भावतं, त्याचं एक कारण इथे असावं.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. पोट फुगल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या पोटात वाऱ्याचं प्रमाण इतरांपेक्षा फारसं जास्त नसतंच, हे बार्सिलोनाच्या वाल द'हेब्रॉन रुग्णालयातल्या गटाने सीटी स्कॅन करून दाखवलं. त्यांच्या बाबतीत बिघडतं ते स्नायूंचं ताळतंत्र. जेवल्यावर निरोगी माणसाचं श्वासपटल सैल होऊन वर सरकतं आणि पोटाची भिंत किंचित आवळते. या रुग्णांत उलटं घडतं: श्वासपटल आकसून खाली येतं, पोटाची भिंत ढिली पडते आणि पोट पुढे येतं. त्यांना हे स्नायू कसे वापरायचे ते शिकवलं की पोटफुगी खरोखर कमी होते. गुडघे पोटाशी धरून, संथपणे श्वास सोडत राहण्यात नेमका हाच सराव थोडाबहुत घडतो, असं मानायला जागा आहे. म्हणून आसन करताना श्वास रोखून दात-ओठ खाणाऱ्याचं निम्मं काम वाया जातं.

याच बार्सिलोनाच्या गटाने आणखी एक काम केलं, ज्याने या आसनाची मर्यादाही समोर येते. त्यांनी आठ निरोगी माणसांच्या लहान आतड्यात नळीने मिनिटाला १२ मिलिलिटर या गतीने तीन तास वायू सोडला आणि तो किती वेगाने बाहेर पडतो ते मोजलं. एकदा माणूस आडवा असताना, एकदा ताठ असताना. ताठ असताना वायू चांगला बाहेर पडला. आडवं असताना बराच आत अडकून राहिला. हा निष्कर्ष २००३मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या प्रयोगांत हलका व्यायाम, पायाने पेडल मारणं, याने निरोगी माणसांत वायू लवकर सुटतो आणि पोटफुगीच्या रुग्णांनाही उतार पडतो असं दिसलं. पवनमुक्तासनात माणूस आडवा असतो. वाऱ्याच्या दृष्टीने ही जागा मुळात प्रतिकूल. आसन या प्रतिकूल जागी हालचाल आणि दाब आणून भरपाई करतं, पण गुडघे धरून दहा मिनिटं निश्चल पडून राहणाऱ्याला ते फार काही देणार नाही. मुंगेरच्या मालिकेतलं पाय फिरवणं आणि झुलणं इथे शहाणपणाचं ठरतं.

शतपावली या कसोटीवर उत्तम उतरते. २०२१मध्ये इराणी संशोधकांनी पोटफुगीच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आतड्याची गती वाढवणारी औषधं दिली, दुसऱ्याला जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. चालणारे औषध घेणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत. पवनमुक्तासन मात्र जेवणानंतर लगेच करायचं नसतं, कारण भरल्या पोटावर मांडी दाबली की अन्न वर येतं आणि छातीत जळजळतं. जेवल्यावर आसनच करायचं असेल तर वज्रासन किंवा वीरासन. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी जेवणानंतर लगेच करता येणारं आणि पोटाचं जडपण घालवणारं म्हणून वीरासनाची शिफारस केली आहे. दोन्हींत धड ताठ राहतं, आणि ताठ धडाचा फायदा वर आलाच आहे. त्यामुळे घरातली विभागणी साधी ठेवता येते: जेवणानंतर वज्रासन आणि चार पावलं, पवनमुक्तासन सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाला तीन-चार तास उलटल्यावर.

आधी उजवा पाय, मग डावा, असा क्रम बहुतेक ठिकाणी शिकवतात. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं, म्हणून त्याच दिशेने दाबत जायचं. शरीररचनेला धरून हे तर्कशुद्ध आहे आणि पाळायला काहीच हरकत नाही. पण चुकून डावा पाय आधी घेतला तर वारा उलटा फिरतो, ही भीती निराधार आहे. आतड्याची स्वतःची लाट दिशा ठरवते, मांडी नव्हे.

रुग्णांवरचे पुरावे किती भक्कम आहेत? दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जुलाबाकडे झुकलेल्या आतड्याच्या विकाराचे, म्हणजे आयबीएसचे, २२ पुरुष रुग्ण होते. एका गटाला दोन महिने लोपेरामाइड हे जुलाबावरचं औषध दिलं. दुसऱ्याने रोज दोनदा बारा आसनांचा संच आणि सूर्यनाडी प्राणायाम केला. त्या संचात वज्रासन, शशांकासन, धनुरासन, पश्चिमोत्तानासन यांच्याबरोबर पवनमुक्तासनही होतं. दोन्ही गटांत लक्षणं आणि चिंता कमी झाली. जर्मनीतल्या एसेनमध्ये २०१८च्या चाचणीत ५९ रुग्णांनी बारा आठवडे एक तर योग केला किंवा आतड्यात आंबणाऱ्या साखरा टाळणारा आहार घेतला. दोन्ही मार्गांत ठळक फरक निघाला नाही. हा आहार मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला आणि पाळायला किचकट: कांदा, लसूण, गहू, दूध, बरीचशी कडधान्यं वर्ज्य. मराठी स्वयंपाकातून कांदा-लसूण आणि आमटी काढून घेतल्यावर उरतं काय, हा विचार केला म्हणजे योगाने तितकाच उतार पडतो या निष्कर्षाचं मोल कळतं. या चाचण्या लहान आहेत, आणि त्यांत तपासला गेला तो आसनांचा संच, एकटं पवनमुक्तासन नाही, हेही तितकंच खरं.

लहान बाळांच्या बाबतीत हे आसन योगवर्गाच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. बाळ कळवळून रडू लागलं, पोट घट्ट लागलं की आजी किंवा मालिशवाली त्याचे दोन्ही पाय धरून गुडघे हलकेच पोटाशी नेते, सोडते, पुन्हा नेते, आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप लावते. पाय हलवण्याची रीत निर्धोक आहे आणि आजचे बालरोगतज्ज्ञही ती सुचवतात. जोर लावायचा नाही, आणि दूध पाजल्यावर लगेच करायचं नाही, एवढं पथ्य. बाळाला ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, पोट ताठलेलं असेल किंवा ते दूधच ओढत नसेल तर मालिश थांबवून तडक दवाखाना गाठायचा.

मोठ्यांसाठीही मनाई ठरलेल्या आहेत. हर्निया, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, कमरेतून पायात जाणारी तीव्र कळ, सरकलेली चकती: यांत हे आसन टाळावं. हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांनी डोकं उचलून हनुवटी गुडघ्याला लावण्याचा भाग तरी नक्कीच गाळावा, कारण पाठीच्या मणक्यांवर पुढे वाकण्याचा ताण येतो. वजन घटणं, शौचातून रक्त जाणं, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली तक्रार, रक्तक्षय, किंवा बायकांमध्ये आठवडेच्या आठवडे न उतरणारी पोटफुगी असेल तर आसनाआधी तपासणी. पोट डब्ब झालेलं, उलट्या होताहेत आणि शौच किंवा वारा दोन्ही बंद, हे आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं. तिथे एकही गुडघा न वाकवता रुग्णालयात न्यावं.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगायलाच हवी. आपल्याकडे छातीत भरून आलं, घाम सुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला की 'गॅस झालाय' म्हणून ओवा चावणं, सोडा पिणं, पाय पोटाशी घेऊन पडून राहणं सुरू होतं. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका पुष्कळदा जळजळ आणि अपचनासारखाच वाटतो. त्या पहिल्या तासात ईसीजी निघाला तर हृदयाचा स्नायू वाचवता येतो. श्रम केल्यावर वाढणारी, घामासह येणारी छातीतली अस्वस्थता गॅस समजून कधीच घरी घालवू नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. अपानवायू त्यांतला एक. तो अडवण्याची सक्ती आज सर्वांत जास्त कुणावर आहे, याचा विचार योगवर्गांनी करायला हवा: बंद काचांच्या कार्यालयात आठ-नऊ तास खुर्चीला खिळलेले, लोकलच्या गर्दीत तास-दीड तास उभे असलेले, आणि स्वच्छ शौचालय नाही म्हणून दिवसभर पोट धरून काम करणाऱ्या बायका. संध्याकाळी यांचं पोट टम्म असतं. घरी आल्यावर सतरंजी टाकून दहा मिनिटं पाय हलवत केलेलं पवनमुक्तासन यांना खरोखर सुखावतं, त्यात एकांत असतो हाही त्याचा गुण.

एकट्या पवनमुक्तासनाने वारा किती सरतो, हे मोजायला बार्सिलोनाची पद्धत उपलब्ध आहे. ठरावीक गतीने वायू सोडायचा, एका दिवशी माणसाला नुसतं उताणं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडून दर दहा मिनिटांनी पवनमुक्तासन करवून घ्यायचं, तिसऱ्या दिवशी त्याला चालवायचं, आणि तिन्ही दिवसांचे मिलिलिटर शेजारी-शेजारी मांडायचे. आठ-दहा स्वयंसेवक, एखादं पोटविकारांचं रुग्णालय आणि शंभर वर्षांपूर्वी क्ष-किरणांखाली नौली पाहणाऱ्या परंपरेतली एखादी योगसंस्था एवढं जमलं, तर हा प्रयोग महाराष्ट्रातही सहज होऊ शकतो.